माझ्या दंडावरची टिकली

खोटं मी एकच केलं, पण चौदा घरांत केलं आणि रोज सकाळी केलं. आता सांगूनच टाकते. फलटणात ते कळायचं कुणाचं राहिलेलं नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकाल तर त्यात पदरचा मीठमसाला असेल.

मी मालन रासकर. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं काम करते. एकतीस वर्षं झाली. माझ्या पायांवर न्हालेली पोरं आता दाढ्या राखून फिरतात आणि मला ओळखतसुद्धा नाहीत. मी मात्र त्यांच्या पाठीवरचे तीळ अजून सांगू शकते. मी जुन्या वळणाची आहे असं समजू नका. धुरी द्यायची मी कधीच सोडली, बाळाच्या कानात तेल घालायचं त्याच्याही आधी सोडलं. डॉक्टर सांगतात ते मी कान देऊन ऐकते. पण बाळंतिणीच्या पोटावर हात कसा फिरवायचा हे मला कुणी शिकवायला येऊ नये, एवढा माझा तोरा आहे, आणि तो मी सोडणार नाही.

दोन हजार एक्केचाळीस साली सरकारी दवाखान्यातून टिकली आली. जुन्या रुपयाएवढी, कांद्याच्या सालीसारखी पातळ चकती. बाळंतपण झालं की दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची आणि सव्वा महिना काढायची नाही. हा सव्वा महिना सरकारनं आमच्याकडूनच घेतला, पूर्वापार बाळंतिणीला आपण तेवढाच देतो. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या सिस्टर आल्या आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. म्हणाल्या, "मावशी, हिच्या खालच्या बाजूला हजारभर सुया आहेत, पण इतक्या आखूड की टोचल्याचं कळत नाही. कातडीखाली जे पाणी असतं ते ह्या सुया सारख्या चाखतात. रक्तात जे काही होतं त्याची चव दहा मिनिटांत त्या पाण्यात उतरते. अंगात जंतू शिरला, सूज धरली, जीव घाबरा झाला, सगळं टिकलीला कळतं. बाळाला छातीशी घेतलं की बाईच्या अंगात ऑक्सिटोसिन म्हणून एक द्रव्य वाढतं, तेसुद्धा कळतं. ताप आणि नाडी तर आहेच."

"आणि कळल्यावर काय करते?" मी विचारलं.

"सगळं ठीक असेल तर फोनवर हिरवा दिवा. बिघडलं तर लाल, आणि आम्हाला फोन. अंगावरून दहा मिनिटांपेक्षा जास्त निघाली तरी फोन."

ह्या शेवटच्या वाक्यातच सगळी मेख होती. अहो, अंगाला पावशेर तेल चोळल्यावर टिकली काय, मंगळसूत्रसुद्धा जागेवर राहत नाही! पहिल्याच घरी, कुंभारांच्या सुनेला न्हाऊ घालताना, मी ती काढून खिडकीत ठेवली. अकराव्या मिनिटाला फोन वाजला. विसाव्या मिनिटाला सिस्टर स्कूटरवरून दारात, आणि दारातून थेट न्हाणीघरात. पोरगी नुसत्या पंचावर, अंगभर तेल. ती जी रडायला लागली ती दुपारपर्यंत थांबली नाही. हे असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा सिस्टर माझ्यावरच खेकसल्या, "पुन्हा टिकली निघाली तर तुमचं नाव वर कळवीन."

चौथ्या दिवशी मी माझा दंड पदरानं कोरडा केला आणि टिकली स्वतःलाच चिकटवली.

फोन वाजला नाही. दिवा हिरवा. पोरगी निवांत न्हाली, शेकून झोपली. अंग कोरडं झाल्यावर मी टिकली परत तिच्या दंडावर लावली. चोवीस तासांतला एक तास, त्यानं काय आभाळ कोसळणार आहे? असं मी मनाला सांगितलं आणि पुढच्या प्रत्येक घरात तेच केलं. पालथ्या पडलेल्या बायकांना ते दिसायचं नाही; त्यांना वाटायचं, मावशी टिकली तेवढ्यापुरती त्यांच्याच अंगावर कोरड्या जागी लावते. मीही कधी नाही म्हटलं नाही.

वर्षभरानं पुण्याहून डॉक्टर मिनाज मुजावर मला भेटायला आल्या. टिकली ज्या संस्थेत तयार झाली तिथल्या त्या मोठ्या संशोधक. मूळच्या मिरजेच्या, चाळिशीच्या, बोलायला मोकळ्याढाकळ्या. चहा बशीत ओतून प्यायल्या तेव्हाच मला आवडल्या.

"मालनताई," त्या म्हणाल्या, "पहिलं यंत्र आम्ही नुसत्या आकड्यांवर चालवलं होतं. ताप अमुक अंशाच्या वर गेला की बोंब. पण बाळंतिणीचं अंग दूध उतरताना तापतं, कुणाचं मुळातच गरम असतं. सिस्टर धावून धावून थकल्या. म्हणून आता यंत्र प्रत्येकीची स्वतःची रेघ शिकतं. आजची ती कालच्या तिच्याशी ताडून बघतं. रेघ वाकडी गेली तरच ओरडतं."

"शहाणं आहे," मी म्हटलं.

"फार शहाणं. एक गोष्ट तर आम्ही न शिकवताच शिकलं. तुमच्या तालुक्यातल्या तेरा बाळंतिणी अशा आहेत की रोज सकाळी तासभर त्यांची सूज जवळजवळ शून्यावर येते. मनावरचा ताण उतरतो. ऑक्सिटोसिन चढतं. एवढं स्वच्छ मोजमाप दिवसभरात दुसरं मिळत नाही. म्हणून यंत्रानं त्या घरांतली सगळ्या दिवसाची रेघ त्या एका तासाला टांगली. तो तास चांगला, म्हणजे बाई चांगली." त्यांनी बशी खाली ठेवली. "ह्या तेरा जणींत समान काय ते मी शोधून काढलं. तेराही घरांत न्हाऊ घालायला तुम्ही जाता."

तो तास कुणाचा ते मला कळलं. अगदी तिथल्या तिथे. पण त्यांनी लगेच माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "ह्या हातांत काहीतरी आहे. आम्ही ह्याला मालन-पद्धत म्हणणार आहोत. पुण्यात परिषद आहे, तुम्ही व्यासपीठावर बसायचं."

आता मी काय सांगू तुम्हाला! एकतीस वर्षांत मला कुणी पाटावर बसवलं नव्हतं, आणि ही बाई व्यासपीठावर बसवायला निघाली होती. जिभेवर आलेलं मी गिळलं. नुसतं हसले. वर म्हटलं, "आमचं आपलं आईनं शिकवलेलं." ते गिळलेलं रात्रीपर्यंत टोचत होतं आणि सकाळी गेलं. गेलं म्हणजे मीच घालवलं.

चौदावी ईश्वरी.

ईश्वरी शेंडे, आमच्या गल्लीच्या टोकाच्या वैशालीताईंची लेक. तिला जन्मल्यावर मीच न्हाऊ घातलं होतं. डाव्या टाचेवर लाल डाग, पाण्याचा आवाज आला की मुठी आवळायची. आता अठ्ठावीस वर्षांची, पुण्यात हवामानखात्यात कामाला. ढग कुठून येणार आणि कुठे फुटणार हे रेघांवरून सांगायचं हेच तिचं काम, म्हणून टिकलीची रेघ तिला पहिल्या दिवसापासून पाठ. पहिलटकरीण म्हणून बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली. नवरा शार्दूल पुण्यात, रविवारी येऊन जायचा, एरवी फोनवर दिसायचा.

पहिले पाच दिवस छान गेले. सहाव्या दिवशी माझ्या हाताला काहीतरी खटकलं. बाळंतपणानंतर गर्भाची पिशवी बेंबीपाशी असते आणि रोज बोटभर खाली उतरते. दहाव्या-बाराव्या दिवशी हाताला लागतच नाही. ईश्वरीची चौथ्या दिवशी होती तिथेच सहाव्या दिवशी होती. मी फोनकडे बघितलं. हिरवा दिवा. म्हटलं, असेल बाई, हिची जरा सावकाश उतरत असेल. जन्मभर हातावर विश्वास ठेवलेली मी, पण त्या दिवशी दिव्यावर ठेवला.

सातव्या दिवशी सकाळी गेले तर ती दुलई घेऊन बसलेली, ओठ सुकलेले.

"मावशी, मला थंडी वाजते गं. आत, हाडात."

वैशालीताई डिंकाचे लाडू वळत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "दूध भरलंय तिचं. मला नव्हती का वाजत? टिकली हिरवी आहे ना, मग झालं."

ईश्वरीनं फोन माझ्यापुढे धरला. रेघ संध्याकाळी थोडी वर जायची आणि सकाळी नऊला, मी आले की, सपाट खाली. "बघ, रोज सकाळी मी एकदम ठणठणीत असते," ती म्हणाली. "शार्दूल म्हणतो, तुझी रेघ बघून मी निर्धास्त झोपतो. मग मला असं का होतं? काल छोटी रडत होती आणि मला उठवेना. नुसती बघत राहिले. मी आई म्हणून कच्ची आहे का गं? यंत्र म्हणतं मी मजेत आहे, आणि मला वाटतं मी बुडतेय. म्हणजे सगळी गडबड माझ्या डोक्यातच असणार."

"काही डोक्यात-बिक्यात नाही," मी म्हटलं. "अंग थकलंय तुझं. हो पालथी."

तिला पालथी केलं, टिकली काढली, माझ्या दंडावर लावली आणि पाठीला तेल लावायला घेतलं. हे आठवलं की अजून माझी मलाच चीड येते.

नववा दिवस. गुरुवार होता. पोटाला हात लावला आणि ती किंचाळली. पिशवी बेंबीखाली चार बोटं, भिजवलेल्या कणकेसारखी मऊ. पोटाची कातडी तव्यासारखी तापलेली. आणि वास. तो वास मी एकतीस वर्षांत दोनदाच घेतला होता, आणि त्यातली एक बाई नंतर राहिली नव्हती.

"वैशालीताई!" मी ओरडले. "गाडी बोलवा. हिला दवाखान्यात न्यायचं."

त्या हात पुसत आल्या. आधी लेकीकडे बघितलं, मग फोनकडे. "अहो मालनताई, काय घाबरवता? हे बघा, हिरवं आहे. आता ह्या मिनिटाला हिरवं आहे. ताप नाही, सूज नाही."

"हिचं अंग भाजतंय, हात लावून बघा!"

"तुम्हीच आताच गरम तेल लावलंय की."

मी तो हिरवा दिवा बघितला. मग माझ्या दंडाकडे बघितलं. तिथे टिकली होती, पदराखाली, चिकटून बसलेली. आणि मला डॉक्टरीणबाईंची बशी आठवली, आणि ते वाक्य आठवलं. तो तास चांगला, म्हणजे बाई चांगली. आता गं बया! रोज संध्याकाळी हिची रेघ वर चढत होती, आणि रोज सकाळी माझं धडधाकट अंग तिला खाली ओढत होतं. यंत्र म्हणत होतं, सकाळी उतरतंय ना, मग हा दुधाचाच ताप. मीही तेच म्हटलं. माझ्याच तब्येतीनं मला फसवलं होतं.

मी पदर बाजूला केला आणि दंड वैशालीताईंपुढे धरला.

"ते हिरवं माझं आहे," मी म्हटलं. "तुमच्या लेकीचं नाही. रोज सकाळी मी टिकली स्वतःला लावते. पहिल्या दिवसापासून."

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी परक्या भाषेत बोलतेय. ईश्वरीनं मान वळवली. डोळे तांबारलेले होते, पण तिला सगळं कळलं होतं. हवामानवाली ती, रेघ चुकीच्या ठिकाणी टांगली की काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. "म्हणजे माझ्या डोक्यात नव्हतं," ती हळूच म्हणाली. एवढंच.

टिकली मी तिच्या दंडावर लावली. दहा मिनिटं गेली, तरी दिवा हिरवाच! यंत्राला नऊ दिवस हेच शिकवलेलं, ते म्हणत होतं, एवढं चढणं हिचं रोजचंच. वैशालीताईंनी आता लेकीच्या कपाळाला हात लावला. त्यांनी गाडी बोलावली, पण दवाखान्याची गाडी दिव्यावर चालायची. हिरव्या दिव्याच्या बाईला दीड तासानंतरचा नंबर मिळाला.

मी डॉक्टर मुजावरांना फोन लावला. त्यांनी आपणहून दिलेला नंबर, परिषदेसाठी.

"मालनताई! तुमची साडी ठरली का?"

"मॅडम, साडी राहू द्या. तेराही घरांतला न्हाणाचा तास माझा आहे. त्या बायकांचा नाही. तेल लावताना टिकली मी माझ्या दंडावर लावत होते. आता चौदावी पोरगी माझ्यापुढे तापानं भाजतेय आणि तुमचं यंत्र हिरवं दाखवतंय. काय करू ते सांगा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाव सांगा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता.

"ईश्वरी शेंडे."

"तुम्ही येता किती वाजता आणि जाता किती वाजता?"

"नऊ ते दहा. रविवारी साडेनऊ ते साडेदहा."

"थांबा. ते तास मी तिच्या रेघेतून पुसतेय. एकेक दिवस." बटणं दाबल्याचा आवाज. "पाच. सहा. सात..." आणि मग हळू आवाजात त्या मिरजेच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ईश्वरीच्या उशाशी पडलेला फोन किंचाळला. लाल. रेघ चौथ्या दिवसापासून चढत गेली होती, जिन्यासारखी, आणि एकदाही उतरली नव्हती.

गाडी सात मिनिटांत आली. मी बाळाला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि मागे बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं, उतरही म्हटलं नाही.

बाळामागून जी वार पडते तिचा एक तुकडा आत राहिला होता. त्यात जंतू झाले आणि ते रक्तात उतरायला लागले होते. तुकडा काढला, सलाईनमधून औषधं सुरू केली. दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या, आणखी एक दिवस गेला असता तर आम्हाला काही सांगता आलं नसतं. शार्दूल दुपारी पोचला. तो बाकावर बसून फोनवरची जुनी हिरवी रेघ पुन्हा पुन्हा बघत होता. "मी रोज तिला म्हणायचो, तू ठीक आहेस," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःशी, कोण जाणे.

वैशालीताई मात्र सरळ मला बोलल्या. दवाखान्याच्या दारात, चार माणसांत. "हिला तुमच्या हातात जन्मल्या दिवशी दिली होती मालनताई. आणि ह्या वेळेला दिली तेव्हा तुम्ही दिव्याला माझी लेक विकलीत. माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही." मी खाली मान घालून ऐकलं. एक शब्दही खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी तेरा घरं फिरले. सिस्टर म्हणाल्या, आम्ही फोन करून सांगू. मी म्हटलं, नको, माझ्या तोंडानं सांगते. दोन घरांत शिव्या खाल्ल्या, एका घरात पाणीही विचारलं नाही. कुंभारांची सून मात्र हसायला लागली. म्हणाली, "मावशी, तुम्ही नसतं लावलं तर मी टिकली विहिरीत टाकणार होते." सगळ्या तपासून निघाल्या, सगळ्या चांगल्या होत्या. देवाची कृपा म्हणायची, माझी नव्हे.

आठवड्याभरानं डॉक्टर मुजावर आल्या. ह्या वेळी चहा नको म्हणाल्या.

"माझं दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं," त्या म्हणाल्या. "रागावून आले होते. वाटेत राग अर्धा माझ्यावर आला. तेरा वेगवेगळ्या बायकांचे आकडे इतके सारखे कसे, हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. मला ती गोष्ट खरी असायला हवी होती, म्हणून विचारलं नाही."

"अहवालात माझं नाव लिहा," मी म्हटलं. "गाळू नका."

"लिहिलंय." त्यांनी पिशवीतून एक मोठा कागद काढला आणि सतरंजीवर पसरला. "पुसलेले सगळे तास मी एका जागी लावले. चौदा घरं, वर्षभराच्या सकाळी. ही एकाच बाईची रेघ आहे. तुमची. मला एवढंच शोधायचं होतं की यंत्राला शंका कशी आली नाही. समजा एखाद्या पुरुषानं टिकली लावली असती, किंवा मीच लावली असती, तर पाच मिनिटांत कळलं असतं. बाळंतिणीच्या अंगात जे चढतं ते आमच्यात कुठून येणार?" त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. तिथे एक उंचवटा होता. पुढच्या दिवशी पुन्हा तसाच. त्याच्या पुढच्या दिवशीही. "ही वेळ काय आहे? रोज पावणेदहाच्या आसपास."

मी बघितलं. "आधी बाळंतिणीला तेल लावते. मग तिला शेकायला निजवते आणि बाळाला पायांवर घेते."

"हे ऑक्सिटोसिन आहे. दूध पाजताना आईच्या अंगात चढतं तेवढंच. एकही दिवस चुकलेला नाही." त्यांनी कागदावरून मान वर केली. "तुम्हाला मुलं किती, मालनताई?"

"एकही नाही. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. मग मालकही गेले."

मी रडले. सांगायला लाज कसली? पदर तोंडात धरून, लहान पोरासारखी हुंदके देऊन रडले. एकतीस वर्षं लोक मला म्हणत आले, मालन, दुसऱ्याची पोरं न्हाऊ घालताना तुला कसंतरी होत नाही का गं? आणि मी म्हणायचे, काम आहे ते, कामात काय व्हायचंय. माझ्या तोंडानं म्हणायचे. दंड वेगळंच सांगत होता.

"हा कागद मला द्या," मी म्हटलं. "व्यासपीठ नको."

त्यांनी दिला. तो माझ्या कपाटात आहे, लग्नातल्या शालूच्या घडीत. जाताना त्या म्हणाल्या, "चूक तुमची होती, पण खोट यंत्रातही आहे. बाळंतिणीला तेल लागतं हे आम्हाला माहीत नव्हतं का? माझ्या आईनं मला लावलंय. तरी टिकली बनवताना कुणालाच आठवलं नाही. तुम्हाला विचारून आता दुरुस्त करते." आणि खरंच तासभर बसून विचारलं. किती तेल, किती वेळ, पोटाला कधी हात लावायचा, हाताला काय लागलं की घाबरायचं. शेवटी चहाही घेतला. बशीत ओतून.

ईश्वरी दोन आठवड्यांनी घरी आली, त्याच्या चौथ्या दिवशी मला फोन. "मावशी, बाळाचे हाल चाललेत. आई तिला टबात न्हाऊ घालते आणि दोघी रडतात. तू ये."

"तुझ्या आईनं उंबरा बंद केलाय मला."

"आई इथेच उभी आहे. तिनंच फोन लावून दिलाय. बोलणार मात्र नाही म्हणते."

गेले. वैशालीताईंनी दार उघडलं, माझ्याकडे न बघता पाट मांडला, पाण्याचा अंदाज घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. पहारेकरी! नवी टिकली आली होती, सोबत झाकणाची छोटी डबी. न्हाणाच्या तासाला टिकली डबीत ठेवायची, सिस्टरना फोन जात नाही, आणि त्या तासाचा रेघेत हिशेब धरत नाहीत. त्याच्याऐवजी न्हाणं झालं की फोन न्हाऊ घालणाऱ्या बाईला विचारतो, आज हाताला काय लागलं? आणि तिनं सांगितलेलं सगळ्यांच्या आधी सिस्टरच्या पुढ्यात जातं, दिवा कोणताही असो. हे मॅडमनी माझ्याकडून घेतलं होतं.

ईश्वरीनं स्वतःच्या हातानं टिकली काढली, डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डबी आईच्या हातात दिली. मग पाठ माझ्याकडे केली. वाळली होती पोर, पण पाठीत जीव आला होता. पोटाला हात लावला. कितीतरी वेळ फिरवला. तिला दुखलं नाही, म्हणून मी पुन्हा एकदा फिरवला.

मग बाळाला पायांवर घेतलं. पाण्याचा तांब्या ओतला आणि तिनं दोन्ही मुठी आवळल्या, आईसारख्याच. मी हसले. पावणेदहा वाजले होते.

न्हाणं झालं, बाळ झोपलं, तेव्हा फोन बोलला. "आज हाताला काय लागलं?"

वैशालीताई दारातच होत्या. मी घसा खाकरला आणि मोठ्यानं सांगितलं, "पिशवी हाताला लागत नाही. पोट मऊ, गार. वास नाही. पाठीला तेल लावताना बाळंतीण थोडी रडली, पण रडून मोकळी झाली. बाळाची बेंबी सुकली आहे, अंग भरतंय. आणि टिकली डबीत आहे. डबी हिच्या आईच्या हातात आहे. माझ्या दंडावर काही नाही."

मग स्वयंपाकघराच्या दारातून फुसकन हसू फुटलं. दाबायला गेल्या आणि जास्तच फुटलं. वैशालीताई डोळे पुसत आत गेल्या, चहाचा कप आणि डिंकाचा लाडू घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यापुढे ठेवला.

"उद्या नऊला या," त्या म्हणाल्या. "उशीर करू नका."